१६ एप्रिलची बारा मिनिटांची फिल्म : ‘लोक घाबरून पळाले’ हा प्रसंग काढला, आता त्या जागी काय घालू?

कागदकात्री_कोपरी

नमस्कार मंडळी,

मी ठाण्याला कोपरीत राहते. शाळेत चित्रकला शिकवत होते, आता निवृत्त आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, त्याची एक छोटी, हसतखेळत बघता येईल अशी फिल्म मी आणि माझा भाचा मिळून करतोय. बारा मिनिटांची. सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावून दाखवायची आहे. समोर पहिली-दुसरीतली पोरं असतील आणि पहिल्या रांगेत खुर्च्या टाकून आमची ज्येष्ठ मंडळी.

सगळं काम कागदी कापाकापीचं आहे. मी कार्डशीटची चित्रं कापते, भाचा मोबाइल स्टँडला लावून एकेक फोटो काढतो, मग ती चित्रं हलतात. चौदा डबे कापून झालेत. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं झालीत. एकवीस तोफांच्या सलामीसाठी मी कापूस पिंजून धूर केला, तो इतका छान दिसतोय की भाच्याने तो प्रसंग अर्धा मिनिट लांबवला. चारशे पाहुणे मात्र कापणं शक्य नव्हतं, एकसष्ठ कापले आणि तेच फिरवून फिरवून बसवले.

आता अडचण सांगते. मधली चार मिनिटं अशी होती : गाडी येते, शेतातले लोक तिला राक्षस समजतात, एकाचा तांब्या पडतो, एकाचं धोतर सुटतं, सगळे पळत सुटतात. सोसायटीतल्या मुलांनी आवाज दिले होते आणि पहिल्यांदा दाखवलं तेव्हा सगळे खूप हसले. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, हसले नाहीत. अण्णांचं वय अठ्ठ्याऐंशी. सगळी नोकरी कुर्ला कारशेडमध्ये फिटर म्हणून झाली. प्रसंग संपला तसे ते म्हणाले, “अगं, माणसं पळून गेली असती तर रुळाच्या कडेला एवढी गर्दी कोणाची होती?”

मी रात्रभर त्यावर विचार केला. त्या दिवशी गाडी बघायला वाटेत दोन्ही बाजूंना माणसं दाटीने उभी होती हे तर मीच आधीच्या प्रसंगात दाखवलंय! मग पुढच्याच मिनिटाला त्यांना पळवून लावलं कोणी? मीच. हसू यावं म्हणून. ती माणसं आपलीच ना, ठाण्याची, भांडुपची, शीवची. मला ते फार लागलं. सकाळी उठून तो प्रसंग काढून टाकला.

आता चार मिनिटं मोकळी आहेत. मला त्या जागी खरं हवंय आणि मुलांना हसू येईल असंही हवंय. कोणाची टिंगल नको. स्टेशनात चित्रीकरणाला परवानगी लागते, त्यामुळे जे काही करायचं ते कागदावर किंवा स्टेशनाबाहेर. तुमच्यापैकी कोणी रेल्वेत असाल किंवा घरात गोष्टी ऐकल्या असतील तर सांगाल का?

दोन_घंटा_कळवा

ताई, आधी तुमच्या अण्णांना माझा नमस्कार सांगा. मी मोटरमन होतो. आमच्या गाड्या धावल्या त्या कारशेडच्या लोकांच्या जिवावर, आणि ती माणसं कधी कुणाच्या फोटोत आली नाहीत.

पहिलं काम. तुमच्या फिल्ममध्ये गाडी ठाण्याच्या खाडीवरच्या पुलावरून जाताना दाखवली असेल तर आजच काढा. दर एप्रिलला मोबाइलवर तसं चित्र फिरतं, “पहिली रेल्वे” म्हणून. पहिली गाडी खाडीच्या अलीकडेच थांबली. ठाणे हे शेवटचं स्टेशन होतं. खाडी ओलांडून कल्याणपर्यंत लाइन गेली ती १ मे १८५४ ला, म्हणजे वर्षभराने. आम्ही कळव्याचे लोक खाडीपलीकडचे, त्यामुळे हे मला जरा जास्तच लक्षात राहतं. त्या दिवशी कळव्यातून कोणी गाडी बघायला गेलं असेल, तर आधी खाडी ओलांडून गेलं असेल. हा प्रसंग करा की! होडीत बसलेली चार माणसं, डोक्यावर पागोटी, आणि मुलगा सारखा विचारतोय, “आली का, आली का?” मुलं प्रवासात हेच विचारतात. हॉलमधली सगळी पोरं स्वतःला ओळखतील.

दुसरं, गव्हर्नर साहेबांचं. लॉर्ड फॉकलंड तेव्हा मुंबईचे गव्हर्नर. १८५२ साली भायखळ्याकडे रुळांच्या कामावर जे इंजिन आलं, त्याला त्यांचंच नाव होतं, फॉकलंड. आणि १६ एप्रिलच्या गाडीत साहेब स्वतः नव्हते! लेडी फॉकलंड होत्या, गव्हर्नरांचा बँड होता, साहेब नाहीत. एक मोकळी खुर्ची कापा आणि डब्यात ठेवा. काही बोलायची गरज नाही. ठाण्याला तंबूत मेजवानी झाली, तिथेही तीच खुर्ची ठेवा.

तिसरं जरा आमच्या धंद्यातलं. मुलांना अक्षरांची गंमत आवडते म्हणून सांगतो. आपल्या मध्य रेल्वेच्या लोकलवर कर्जतच्या गाडीला इंग्रजी ‘एस’ असतो आणि कसाऱ्याच्या गाडीला ‘एन’. कर्जतमध्ये एस कुठे आहे, कसाऱ्यात एन कुठे आहे? नवीन माणूस गोंधळतोच. कल्याणला लाइन फुटते, एक फाटा ईशान्येला कसाऱ्याकडे, एक आग्नेयेला कर्जतकडे. ईशान्य म्हणजे नॉर्थ-ईस्ट, त्याचा एन. आग्नेय म्हणजे साउथ-ईस्ट, त्याचा एस. आणि फलाटावरच्या इंडिकेटरवर स्लो गाडीलाही एस! म्हणजे एकाच फळीवर एक एस कर्जतचा आणि दुसरा धिम्याचा. माझ्या मेव्हण्याने पहिल्या आठवड्यात दोन एस बघून एक गाडी सोडली होती, त्याला वाटलं पाटी बिघडली.

चौथं, आणि माझ्या मनाने सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे आवाज. तुम्ही इंजिनाची शिट्टी घातली असेल, ती सगळेच घालतात. तुम्ही घंटा घाला. गाडी सुटायची वेळ झाली की मागून गार्ड दोन घंटा देतो. हल्ली त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं, २०२२ पासून. टिंग टिंग. मोटरमन ऐकतो, पुढचा सिग्नल बघतो आणि स्वतः दोन घंटा परत देतो. टिंग टिंग. मगच गाडी हलते. मधे नऊ, बारा, पंधरा डबे, हजारो माणसं आणि दोन्ही टोकांना आम्ही दोघे. एकमेकांचं तोंड दिसत नाही, दिवसभर बोलणं घंटेवर. तीस-पस्तीस वर्षं मी असा बोललो. घरी आल्यावर बायकोने चहाला हाक मारली तर मी वाटीवर चमच्याने दोनदा वाजवायचो, म्हणजे ‘ऐकलं, आलो’.

पारसिकचा बोगदा विसरू नका. १९१६ चा, जवळजवळ सव्वा किलोमीटर. त्याच्या आधी सगळ्या गाड्या मुंब्र्याकडून डोंगराला वळसा घालून जायच्या. बोगद्यात शिरलं की डब्यातली पोरं एका सुरात ‘हूऽऽऽ’ ओरडणार, हे मी नोकरी लागल्यापासून ऐकलं. पुढे कॅबमध्ये मला ऐकू यायचं. हेडलाइटच्या उजेडात काळी भिंत, हात हँडलवर (तो हात सुटला की गाडीला आपोआप ब्रेक लागतो, म्हणून सोडायचा नाही) आणि मागून शेकडो पोरांचा हूऽऽ. हॉलमधले दिवे दहा सेकंद घालवा. पुढचं सगळं पोरंच करतील.

मुरबाडकडची_एसटी

थोडक्यात लिहितो. नाना शंकरशेट फिल्ममध्ये आहेत का? नसतील तर घाला. रेल्वे मुंबईत यावी म्हणून १८४० च्या दशकापासून धडपड करणाऱ्यांत जमशेटजी जीजीभॉय आणि नाना पुढे होते. ही लाइन टाकणाऱ्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीच्या संचालकांत नाना होते, पहिल्या गाडीतही होते. त्यांचा जन्म १८०३ चा, आमच्या मुरबाडचा. ठाणे जिल्हाच.

आणि मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड लाइनचं आम्ही लहानपणापासून ऐकतोय, मंजुरीच्या बातम्याही वाचल्या. रोज कल्याणपर्यंत एसटीने येतो आणि तिथून लोकल पकडतो. तक्रार म्हणून सांगत नाही, पण तुम्ही ‘खरं’ मागितलं आहे. तुमच्या कागदी गाडीला मुलांनी एक फाटा मुरबाडकडे काढू दे. कागदावर तरी नानांच्या गावी गाडी पोचेल. आमच्या शाळेतल्या पोरांना दाखवायला मी स्वतः पेनड्राइव्ह घेऊन येईन.

एकोणचाळीस_मिनिटं_नेरुळ

माझ्या आजीची गोष्ट देते. आजी गिरगावातली, लग्न होऊन ठाण्याला जांभळी नाक्याजवळ आली. १९०६ पासून देशाची एकच प्रमाणवेळ लागू झाली आणि रेल्वेने ती घेतली. मुंबईने मात्र आपली जुनी ‘मुंबई टाइम’ सोडली नाही, ती पार १९५५ पर्यंत. दोन्हींत एकोणचाळीस मिनिटांचा फरक. रेल्वेच्या घड्याळात बारा वाजले की मुंबईच्या घड्याळात अकरा वाजून एकवीस.

आजीच्या माहेरी पणजोबांचा हट्ट होता की भिंतीवरचं घड्याळ मुंबईच्याच वेळेने चालणार. सासरी ठाण्याला रेल्वेची वेळ, कारण सासरे रोज गाडीने कामाला जायचे. पहिल्या दिवाळसणाला आजीला घ्यायला तिचा धाकटा भाऊ निघाला. घरच्या घड्याळात बघून आरामात जेवला आणि बोरीबंदरला पोचला तर गाडी गेलेली. पुढची गाडी, मग ठाणे. इकडे आजी नऊवारी नेसून, पिशवी भरून, दारात. सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या माहेरचं घड्याळ आलं की निघ.” हे वाक्य आमच्या घरात अजून आहे. कोणाला उशीर झाला की आम्ही म्हणतो, ‘माहेरचं घड्याळ’.

ताई, हे कागदावर अगदी सोपं आहे. दोन घड्याळं, दोन दारं, मधे गाडी. पण एक लक्षात ठेवा, हे १८५३ चं नाही, पुढचं आहे. ‘पुढे पन्नासएक वर्षांनी’ अशी पाटी लावा, नाहीतर कोणी तरी बोट ठेवील.

खाडीकाठची_ऐरोली

कळव्याच्या काकांनी खाडीपलीकडचं लिहिलं, म्हणून मीही लिहिते. आम्ही ऐरोलीचे, आगरी. ठाणे स्टेशन आमच्यापासून खाडीच्या कडेकडेने तसं हाकेच्या अंतरावर. ठाण्याला गाडी आली १८५३ ला. आमच्या ऐरोलीला गाडी आली २००४ ला, ठाण्याहून तुर्भ्याकडची लाइन सुरू झाली तेव्हा. दीडशे वर्षं आणि वर एक! मधलं दिघा गाव स्टेशन तर २०२४ ला उघडलं.

पहिल्या दिवशी माझी आई शेजारणींबरोबर गाडीत बसून नुसती ठाण्याला जाऊन आली. काही काम नव्हतं. मासळी विकायला ती वर्षानुवर्षं टेम्पोने आणि बसने गेली होती, त्या दिवशी टोपली घरी ठेवली आणि हातात रुमाल घेऊन गेली. ठाण्याला उतरून स्टेशनाबाहेर वडापाव खाल्ला आणि परत आली. मला म्हणाली, “खिडकीतनं आपलं घर दिसलं.” इमारती वाढल्या, आता दिसत नाही.

तुमच्या फिल्मची शेवटची दोन मिनिटं अशी करा ना, गाडी ठाण्याला थांबते आणि कागदावरची वर्षं पुढे पुढे सरकतात, मग एक फाटा वाशीकडे वळतो. वाशीला मानखुर्दकडून पुलावरून गाडी १९९२ लाच आली होती, तेही दाखवा. नाहीतर नेरुळच्या ताई रागावतील.

आणि तुमच्या एकसष्ठ पाहुण्यांत बायका किती? एवढंच विचारते. पुण्याच्या वाटेवरच्या बोरघाटातल्या रेल्वेचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांनी घेतलं, ते १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले, आणि ते काम त्यांच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, पुढे चालवलं. १८६३ ला घाट सुरू झाला. तो आपल्या फिल्मच्या बाहेरचा, पण मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बाया तर आपल्या लाइनवरही असणारच की.

पणजोबांचा_नातू_डोंबिवली

मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. घाबरण्याचा प्रसंग पूर्ण काढू नये असं मला वाटतं. बैल नाही, घोडा नाही, आणि लोखंडाची गाडी धूर सोडत, जमीन हलवत अंगावर येते. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच. त्यात कमीपणा काय? मी पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हा शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा हात धरला होता, आणि त्यांनी तो उतरेपर्यंत धरू दिला. भीती काढलीत तर त्या माणसांचं धाडसही दिसणार नाही. तुमचं चुकलं ते धोतर सोडण्यात, घाबरण्यात नाही.

आणि ऐरोलीच्या ताईंनी मजुरांचं काढलं ते बरं केलं. शीवला ३१ ऑक्टोबर १८५० ला पहिली कुदळ मारली गेली, ती मानाची कुदळ साहेबाची. त्यानंतर अडीच वर्षं माती उपसली ती आपल्याच लोकांनी. उद्घाटनाच्या चारशे पाहुण्यांत ते नव्हते. ते रुळाच्या कडेला उभे असतील, आणि त्यांना तरी गाडीची काय भीती? रूळ त्यांनीच टाकलेले.

कागदकात्री_कोपरी

तुमचं शेवटचं वाक्य मी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला सांगितलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री जागून काम केलं, आता काय ठरलं ते सांगते.

खाडीचा पूल खरंच होता! मोबाइलवरच्या त्याच चित्रावरून कापला होता. काढला. त्याच निळ्या कागदाची खाडी केली, तिच्यात कळव्याची होडी सोडली. “आली का” म्हणणाऱ्या मुलाचा आवाज आमच्या खालच्या मजल्यावरच्या साडेपाच वर्षांच्या छोकऱ्याने दिला. त्याला शिकवावं लागलं नाही.

गव्हर्नरांची खुर्ची झाली. तंबूतही तीच ठेवली, आणि भाच्याने शेवटी तिच्यावर एक मांजर बसवलं. मांजर इतिहासात नाही हे मला माहीत आहे. ठेवलंय.

माहेरचं घड्याळ घेतलं. नेरुळच्या ताई, आजींचं वाक्य तसंच्या तसं आहे, पाटीही लावली आहे.

कर्जत-कसाऱ्याचं करून बघितलं, पण कागदावर समजावता समजावता दीड मिनिट जायला लागलं आणि मुलं चुळबुळायला लागली. काका, ते या वर्षी राहू दे. ऐरोलीची लाइन मात्र आली, खिडकीतल्या घरासह. रुमाल हातात घेतलेल्या आई मी स्वतः कापल्या, त्यांच्या पदराला खरी जर लावली. एकसष्ठ पाहुण्यांत बायका चार होत्या. आता पाहुणे तेवढेच, पण रुळाच्या कडेला पाटीवाल्या बाया आणि कुदळवाले बाप्ये मिळून पस्तीस जण उभे आहेत, सगळ्यात पुढे.

डोंबिवलीचे दादा, तुमचं पटलं. पळणारं कोणी नाही. पण एक मुलगी आजीच्या पदराआड लपली आहे, पदरातून एक डोळा बाहेर. गाडी जवळ येते तशी ती हळूहळू पूर्ण बाहेर येते. आजी जागची हलत नाही, फक्त तिचा हात मुलीच्या डोक्यावर जातो. बावीस सेकंदांचं काम आहे आणि त्याला एकशे शहात्तर फोटो लागले.

मुरबाडचा फाटा शेवटच्या चौकटीत मुलं स्वतः पेन्सिलीने काढणार आहेत, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. तुम्ही पेनड्राइव्ह घेऊन याच.

घंटेचं राहिलं. मोबाइलवर सापडलेले आवाज अण्णांनी एकही पास केले नाहीत. “ही देवळातली. ही सायकलची.” मग काल संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले, स्टीलच्या वाट्या एकेक वाजवून बघितल्या, एक जाड बुडाची पितळी वाटी निवडली आणि चमचा घेऊन बसले. भाच्याने मोबाइल समोर धरला. टिंग टिंग.

रेकॉर्डिंग बंद करायला तो हात पुढे करणार, तेवढ्यात अण्णांनी बोटाने थांबवलं. आम्ही गप्प. ते माझ्याकडे बघत राहिले. मला जरा उशिरा कळलं. मग मी ओट्यावरचा डाव उचलून कढईवर दोनदा वाजवला.

“हां,” अण्णा म्हणाले, “आता सोड गाडी.”